व्यक्तिरेखेचे विश्लेषण कसे लिहावे : सेव्हरस स्नेपच्या निमित्ताने

हॅरी पॉटरच्या मालिकेतील सेव्हरस स्नेप हा माणूस चांगला होता की वाईट, हा वाद १९९७ साली पहिले पुस्तक निघाले तेव्हापासून चालू आहे आणि २००७ साली सातव्या पुस्तकात त्याचे गुपित फुटल्यावरही तो मिटलेला नाही. एक बाजू त्याला शोकांतिकेचा नायक मानते, दुसरी त्याला लहान मुलांना छळणारा मास्तर मानते, आणि दोन्ही बाजूंना पुस्तकांत भरपूर आधार सापडतो. मालिकेवर मराठीत लिहिणाऱ्या वाचकांचे लेख मी आवडीने वाचतो. त्यांतली तळमळ खरी असते, पण पुष्कळदा निकाल आधीच लागलेला असतो आणि प्रसंग मागाहून साक्षीदारांसारखे एकेक करून उभे केले जातात. असा लेख ज्याला आधीपासून पटलेले असते त्यालाच पटतो. एखादी व्यक्तिरेखा खरोखर उलगडून दाखवायची असेल तर काम कोणत्या क्रमाने करावे, हे मी स्नेपचे उदाहरण हाताशी धरून सांगणार आहे. ज्यांची मालिका वाचून व्हायची आहे त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे शेवटापर्यंतची सर्व रहस्ये उघड होतील.

पहिले काम म्हणजे प्रश्न सुटे करणे. ‘स्नेप चांगला की वाईट’ हा एक प्रश्न दिसत असला तरी त्यात निदान तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तो नेमका कोणाच्या बाजूने होता, हा पहिला. ज्यांच्यावर त्याची सत्ता चालत होती त्या विद्यार्थ्यांशी तो कसा वागला, हा दुसरा. आणि पंधराव्या वर्षीचा स्नेप व अडतिसाव्या वर्षी मेलेला स्नेप यांत काही फरक पडला होता का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर सातव्या पुस्तकाच्या ३३व्या प्रकरणात निःसंदिग्धपणे मिळते : हॅरीची आई आणि आपली बालमैत्रीण लिली हिच्या जिवाला धोका आहे हे कळल्यापासून तो मुख्याध्यापक डंबलडोरच्या बाजूने, खलनायक व्होल्डेमॉर्टच्या गोटातला त्याचा हेर म्हणून, होता. दुसऱ्याचे उत्तर पहिल्या सहा पुस्तकांतील वर्गांमध्ये विखुरलेले आहे आणि ते त्याच्या बाजूने जात नाही. तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका त्याच्यावरच सर्वांत कमी लिहिले जाते. बहुतेक भांडणे होतात ती एक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देत असतो म्हणून. लेखाला बसण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि तो दोन ओळींत मावत नसेल तर अजून तोडावा.

दुसरे काम म्हणजे कोणता मजकूर प्रमाण मानायचा ते ठरवणे. या मालिकेची सात पुस्तके आहेत आणि त्यांत मिळून १९८ प्रकरणे व एक उपसंहार आहे. त्यांच्यावर २००१ ते २०११ या काळात आठ चित्रपट आले. २०१६ साली लंडनच्या रंगभूमीवर पुढच्या पिढीची कथा सांगणारे नाटक आले. याखेरीज लेखिका जे. के. रोलिंग यांनी वेळोवेळी केलेली विधाने आहेत. डंबलडोर समलिंगी असल्याचे त्यांनी ऑक्टोबर २००७मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितले, तेव्हा सातवे पुस्तक निघून तीन महिने झाले होते. चाहत्यांच्या भाषेत प्रमाण मजकुराला कॅनन म्हणतात, वाचकाने आपल्यापुरते मनाशी धरलेल्या कल्पनेला हेडकॅनन म्हणतात, आणि अनेकांनी पुन्हा पुन्हा सांगितल्यामुळे पुस्तकातलीच वाटू लागलेल्या गोष्टीला फॅनॉन म्हणतात.

आपल्याला ही अडचण नवी नाही, कारण महाभारताच्या संदर्भात ‘प्रक्षिप्त’ हा शब्द आपण पूर्वीपासून याच अर्थाने वापरत आलो आहोत. इरावती कर्वे यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युगान्त’मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्यावर लिहिताना पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती आधाराला घेतली होती, आणि व्यक्तिरेखांवर लिहू इच्छिणाऱ्या कोणाही मराठी माणसाने ते पुस्तक शिकवणी लावल्यासारखे वाचावे असे मला मनापासून वाटते. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदीने ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे हिणवले, ही गोष्ट घरोघर ठाऊक आहे, पण चिकित्सक आवृत्तीत तो टोमणा नाहीच. द्रौपदी हसली हेदेखील आपल्याला कळते ते दुर्योधन आपल्या बापाजवळ केलेल्या तक्रारीत सांगतो म्हणून. कोणी पाहिले आणि कोणी सांगितले, हा भेद इथे जितका महत्त्वाचा आहे तितकाच तो हॅरीच्या हॉगवॉर्ट्स शाळेतही आहे, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे त्याचे सार या एका भेदात आहे.

मी स्वतः सात पुस्तकांनाच प्रमाण मानतो आणि बाकीचे जिथे वापरतो तिथे तसे स्पष्ट लिहितो. तुम्ही चित्रपटांवर लिहिणार असाल तर तेही योग्यच आहे, मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये, कारण चित्रपटांनी प्रसंगांबरोबर स्वभावही बदलले आहेत. तिसऱ्या पुस्तकात हॅरीचा मित्र रॉन मोडलेल्या पायावर उभा राहून, तुरुंगातून पळालेल्या सिरियस ब्लॅकला सांगतो की हॅरीला मारायचे तर आम्हालाही मारावे लागेल. चित्रपटात ते वाक्य त्यांची मैत्रीण हर्मायनी हिला दिले आहे, आणि रॉन भित्रा आहे असे म्हणणाऱ्या कित्येकांच्या मताचे मूळ अशा फेरबदलांत सापडते. चौथ्या पुस्तकातील स्पर्धेच्या दुसऱ्या कसोटीच्या वेळी पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून लागणारी वनस्पती हॅरीला डॉबी नावाचा नोकर आणून देतो, चित्रपटात ती वर्गमित्र नेव्हिल देतो. वरवर पाहता हा किरकोळ बदल आहे. पुस्तकात मात्र त्या वनस्पतीची माहिती असलेले पुस्तक सबंध वेळ नेव्हिलच्या खोलीत पडून असते, हॅरी रात्र रात्र वाचनालयात शोधत राहतो, आणि नेव्हिलला एकदा विचारून पाहावे असे त्याच्या मनातही येत नाही. नेव्हिलकडे इतर लोक कसे पाहतात याचा याहून बोलका पुरावा मला मालिकेत आढळलेला नाही, आणि चित्रपटात तो पुसला गेला आहे.

स्नेपच्या बाबतीत चित्रपटांचा सर्वांत मोठा परिणाम वयाच्या समजुतीवर झाला आहे. त्याची भूमिका करणाऱ्या ॲलन रिकमनचा जन्म १९४६ सालचा, म्हणजे पहिला चित्रपट आला तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. पुस्तकातील स्नेप हॅरीला पहिल्यांदा वर्गात पाहतो तेव्हा अवघा ३१ वर्षांचा आहे. हे वय पुस्तकात कुठेही सरळ दिलेले नाही, ते काढावे लागते, आणि चाहत्यांनी ते कसे काढले हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात भुताच्या पाचशेव्या मृत्युदिनाची मेजवानी आहे आणि केकवर मृत्यूची तारीख ३१ ऑक्टोबर १४९२ अशी लिहिलेली आहे. म्हणजे हॅरीचे दुसरे वर्ष १९९२ साली सुरू झाले आणि पहिले १९९१ साली. सातव्या पुस्तकाच्या सोळाव्या प्रकरणात हॅरीचे आईवडील लिली व जेम्स यांच्या थडग्यावर जन्मसाल १९६० आणि मृत्यूची तारीख ३१ ऑक्टोबर १९८१ असल्याचे दिसते, तेव्हा केकवरून केलेला हिशेब बरोबर असल्याचे सिद्ध झाले. स्नेप त्यांच्याच वर्गातला. म्हणजे सर्वांदेखत उलटे टांगून त्याची जी विटंबना झाली तिला हॅरी समोर येऊन बसला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती, आणि ती करणाऱ्या जेम्सचाच चेहरा मुलाच्या रूपाने बाकावरून त्याच्याकडे पाहत होता. यामुळे त्याचे वागणे क्षम्य ठरत नाही, पण साठीला टेकलेल्या माणसाचा जुना आकस आणि तिशीतल्या माणसाची न सुकलेली जखम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विश्लेषण करणाऱ्याला आपण कोणाविषयी लिहीत आहोत ते माहीत असले पाहिजे.

आता वहीकडे वळू. मी दोनशे पानी वही घेतो आणि दोन समोरासमोरच्या पानांवर पाच रकाने आखतो : पुस्तक व प्रकरण, प्रसंग, पात्राने प्रत्यक्ष काय केले किंवा म्हटले, ते कोणी पाहिले, आणि त्याचा अर्थ कोणी लावला. पानाचा क्रमांक न देता प्रकरणाचा क्रमांक द्यावा, कारण ब्रिटिश, अमेरिकन आणि मराठी आवृत्त्यांची पाने एकमेकांशी जुळत नाहीत आणि वाचकाला तुमचा दाखला पडताळून पाहता आला पाहिजे. शेवटचे दोन रकाने भरायला कंटाळा येतो, पण सगळा जीव त्यांतच आहे. पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणातील नोंद पाहा. हॅरीचा झाडू हवेत उसळ्या घेत असताना स्नेप त्याच्यावर नजर रोखून काहीतरी पुटपुटत होता : ही घडलेली गोष्ट. ती दुर्बिणीतून हर्मायनीने पाहिली, आणि तो झाडूवर करणी करीत आहे हा अर्थही तिनेच लावला. सतराव्या प्रकरणात क्विरेल हा दुसरा शिक्षक सांगतो की करणी मी करीत होतो आणि स्नेप ती परतवत होता. तिसऱ्या रकान्यातील गोष्ट शेवटपर्यंत खरी राहते, पाचव्या रकान्यातील अर्थ मात्र खोटा ठरतो. मालिका कशी वाचावी हे लेखिकेने पहिल्याच पुस्तकात शिकवून ठेवले आहे, आपण ते विसरतो इतकेच.

दोनेक महिन्यांत वही भरत आली की एक गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते. चौथ्या रकान्यात जवळजवळ सर्वत्र हॅरीचेच नाव असते. निवेदन तृतीय पुरुषी असले तरी ते हॅरीच्या खांद्याला चिकटून चालते, आणि हॅरीला स्नेपचा तिटकारा असल्यामुळे स्नेपचे वर्णन करणारे विशेषणही बहुधा त्या तिटकाऱ्यातून आलेले असते. म्हणून जी हॅरीच्या नजरेतून सांगितलेली नाहीत ती मोजकी प्रकरणे सोन्याच्या मोलाची आहेत. पहिल्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या पुस्तकांचे पहिले प्रकरण आणि सहाव्याचे दुसरे प्रकरण ही त्यांतली ठळक होत. सहाव्यातील हे दुसरे प्रकरण बहुतांशी स्नेपच्या घरात घडते, आणि त्याच्यावर लिहिणाऱ्याने ते किमान तीनदा वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये.

त्या प्रकरणाचा शेवट आपण जवळून पाहू. नार्सिसा मॅल्फॉय आपला मुलगा ड्रेको याच्या काळजीने स्नेपच्या दारी आली आहे आणि मोडल्यास मृत्यू ओढवणारी शपथ त्याच्याकडून मागते आहे. दोघे गुडघे टेकून समोरासमोर बसतात, एकमेकांचा उजवा हात धरतात, आणि नार्सिसाची बहीण बेलाट्रिक्स त्या हातांवर आपल्या छडीचे टोक ठेवते. पहिली मागणी ड्रेकोवर लक्ष ठेवण्याची, दुसरी त्याचे रक्षण करण्याची. दोन्हींना स्नेप तत्काळ होकार देतो आणि प्रत्येक होकाराबरोबर ज्वालेची एक बारीक जीभ हातांभोवती गुंडाळली जाते. तिसरी मागणी अशी की व्होल्डेमॉर्टने ड्रेकोवर सोपवलेले काम, म्हणजे डंबलडोरचा वध, त्याच्या हातून होत नाही असे दिसले तर ते स्नेपने पार पाडावे. या वेळी नार्सिसाच्या हातातला त्याचा हात किंचित हलतो, पण तो मागे घेतला जात नाही. क्षणभर शांतता पसरते आणि मग तो होकार देतो.

हाताच्या त्या हालचालीचा अर्थ निवेदक सांगत नाही आणि तिथे हजर असलेले कोणी सांगत नाही, म्हणजे पाचवा रकाना कोरा राहतो. अशा ठिकाणी अननुभवी लेखक आपल्याला हवा तो अर्थ भरून मोकळा होतो. त्याऐवजी शक्य असतील तेवढे अर्थ लिहावेत आणि प्रत्येकाखाली, हा अर्थ खरा असायचा तर पुस्तकात इतरत्र काय सापडले पाहिजे, ते लिहावे. तिसरी मागणी येईल अशी त्याची कल्पना नव्हती आणि तो दचकला, हा एक अर्थ. तो खरा असायचा तर ड्रेकोवर सोपवलेले काम त्याला नीट ठाऊक नव्हते असे दाखवावे लागेल. डंबलडोरने त्याच्याकडे स्वतःच्या मृत्यूची मागणी आधीच केली होती आणि नको असलेल्या त्याच कृत्याला तो आता दुसऱ्यांदा बांधला जात होता, हा दुसरा अर्थ. त्यासाठी डंबलडोरशी झालेले ते बोलणे या रात्रीच्या आधीचे ठरावे लागेल. तो आपल्या जिवाला भ्यायला, हा तिसरा. आणि त्याच्याविरुद्ध त्याची सोळा वर्षांची हेरगिरी उभी आहे. हा खटाटोप केला की लेखाला वजन येते, मग तुम्ही कोणताही अर्थ स्वीकारा.

सातव्या पुस्तकाचे ३३वे प्रकरण हा स्नेपच्या वकिलांचा मुख्य दस्तऐवज आहे, आणि त्याच्याकडेही याच नजरेने पाहावे लागते. त्या प्रकरणात दिसणाऱ्या आठवणी मरता मरता स्नेपने स्वतः हॅरीला दिल्या आहेत. त्या बनावट नाहीत असे आपण म्हणू शकतो, कारण सहाव्या पुस्तकात स्लगहॉर्न या शिक्षकाने आपल्या आठवणीत केलेली फेरफार दाट धुक्याच्या रूपाने लगेच दिसून आली होती आणि इथे तसे काही दिसत नाही. पण खऱ्या असल्या तरी त्या निवडलेल्या आहेत. डेथ ईटर, म्हणजे व्होल्डेमॉर्टचा अनुयायी, म्हणून त्याने काय काय केले याची एकही आठवण त्यांत नाही, आणि नेव्हिलला किंवा हर्मायनीला त्याने वर्गात कसे वागवले याचीही नाही. हॅरीला जे समजणे आवश्यक होते तेवढे त्याने दिले, हे स्पष्टीकरण मला पटते, तरीही तो त्याचा स्वतःचा जबाब आहे, चरित्र नव्हे. उपसंहारात हॅरी त्याला बहुधा आपल्या माहितीतला सर्वांत शूर माणूस म्हणतो, तेव्हाही तो निकाल हॅरीचा आहे आणि या जबाबावर आधारलेला आहे, ही नोंद वहीत झाली पाहिजे.

याच प्रकरणात माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाच्या आधाराने मिळाले. जादूगार नसलेल्या आईबापांच्या मुलांसाठी या जगात ‘मडब्लड’ अशी एक घाणेरडी शिवी आहे. पंधरा-सोळा वर्षांचा स्नेप अपमानाने बेभान होऊन ती लिलीला देतो आणि त्यांची मैत्री कायमची तुटते. त्याच प्रकरणात, वीसेक वर्षांनंतर, मुख्याध्यापकाच्या खोलीत तो एकटा असताना भिंतीवरच्या एका तसबिरीतील जुना मुख्याध्यापक हर्मायनीचा उल्लेख त्याच शिवीने करतो, आणि स्नेप त्याला तो शब्द वापरू नकोस असे तोडून सांगतो. खोलीत तसबिरींखेरीज कोणी नाही, त्यामुळे दिखाव्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ज्या मुलीसाठी त्याने हे म्हटले तिच्याच वाढलेल्या दातांवर चौथ्या पुस्तकात त्याने सर्वांसमोर क्रूर शेरा मारून तिला रडवले होते. हे तीन प्रसंग शेजारी शेजारी मांडा. माणूस एका बाबतीत मुळापासून बदलला आणि दुसऱ्या बाबतीत होता तसाच राहिला, हे त्यांतून जितके स्वच्छ दिसते तितके कोणत्याही विशेषणाने दिसणार नाही. व्यक्तिरेखेतील एखादा शब्द, एखादी वस्तू किंवा एखादी सवय पुस्तकांमधून कुठे कुठे परत येते याचा माग काढणे हे या कामातले सर्वांत फळ देणारे तंत्र आहे.

विरुद्ध बाजूचा पुरावा गोळा करताना हात आखडता घेऊ नये. स्नेपवर प्रेम असणाऱ्याने नेव्हिल लाँगबॉटमची सगळी नोंद स्वतः लिहून काढावी. तिसऱ्या पुस्तकात बोगार्ट नावाचा प्राणी ज्याला ज्याची सर्वाधिक भीती त्याचे रूप घेतो, आणि नेव्हिलसमोर तो स्नेपचे रूप घेतो. हा मुलगा कोण आहे ते मग पाचव्या पुस्तकाच्या २३व्या प्रकरणात कळते. त्याच्या आईवडिलांना छळ करून वेडे करण्यात आले आहे आणि ते कायमचे रुग्णालयात आहेत. भेटीच्या वेळी आई खुरडत येते आणि त्याच्या हातात च्युइंगमचा एक रिकामा कागद ठेवते. आजी थकलेल्या आवाजात सांगते की असले कागद आता खोली भरून झाले असतील, हा टोपलीत टाक. आणि निघताना हॅरीच्या लक्षात येते की नेव्हिलने तो कागद गुपचूप खिशात घातला. आईवडिलांना ज्यांनी या अवस्थेला नेले त्यांची नावे माहीत असूनही ज्या मुलाला शिक्षकाचीच जास्त भीती वाटते, त्या मुलाच्या भीतीला ‘शिस्त’ म्हणून झटकून टाकणारा लेख मी पुढे वाचू शकत नाही.

नेव्हिलवरून एक लोकप्रिय तर्क आठवतो. मालिकेतली भविष्यवाणी व्होल्डेमॉर्टचा अंत करू शकेल अशा, जुलै संपताना जन्मलेल्या मुलाविषयी होती आणि ती हॅरीइतकीच नेव्हिललाही लागू पडत होती. व्होल्डेमॉर्टने नेव्हिलला निवडले असते तर लिली वाचली असती, म्हणून स्नेप नेव्हिलचा द्वेष करतो, असे कित्येक चाहते मानतात. तर्क सुबक आहे आणि मानसशास्त्राला धरूनही आहे. पण स्नेपच्या मनात असा विचार आल्याचा सुगावा देणारी एकही ओळ मला सात पुस्तकांत सापडलेली नाही. असे तर्क लेखात जरूर द्यावेत, मात्र तर्क म्हणूनच द्यावेत आणि त्यांच्यावर पुढची इमारत उभी करू नये.

तर्क कसा तपासावा याची दोन उदाहरणे देतो. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी खोट्या लॉकेटमध्ये आर. ए. बी. अशी अक्षरे असलेली, खरे लॉकेट पळवणाऱ्याची चिठ्ठी मिळते. सातवे पुस्तक येण्यापूर्वीच चाहत्यांनी ती सिरियसच्या भावाची, रेग्युलस ब्लॅकची, म्हणून ओळखली होती. आडनावाचे आद्याक्षर जुळत होते. व्होल्डेमॉर्टला सोडू पाहताना तो मारला गेला हे आधी सांगितलेले होते. पाचव्या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात ब्लॅक कुटुंबाच्या घराची साफसफाई करताना कोणालाही न उघडणारे एक जड लॉकेट सापडल्याचा ओझरता उल्लेख होता. आणि ज्या परकीय अनुवादांत ब्लॅक हे आडनाव बदलले होते त्यांत चिठ्ठीतले शेवटचे अक्षरही बदललेले होते. चार स्वतंत्र धागे एकाच ठिकाणी येत होते आणि त्यांतला एकही दुसऱ्यावर अवलंबून नव्हता. पक्का तर्क असा असतो.

याच्या उलट पहिल्या तासाला स्नेपने हॅरीला विचारलेल्या पहिल्या प्रश्नाची गोष्ट आहे. त्यात ॲस्फोडेल आणि वर्मवुड या दोन वनस्पती आहेत. ॲस्फोडेल लिलीच्या जातीतले, वर्मवुड कडू दुःखाचे प्रतीक, म्हणून जुन्या युरोपातील पुष्पभाषेनुसार तो लिलीच्या मृत्यूचा शोक व्यक्त करीत होता, असे सांगितले जाते. कल्पना हृद्य आहे, पण तिला पुस्तकातून दुसरा धागा मिळत नाही. त्या तीन प्रश्नांविषयी मजकूर स्वतः जे सांगतो ते मला अधिक मोलाचे वाटते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असलेले द्रव्य हॅरी सहाव्या पुस्तकात स्नेपच्याच जुन्या पुस्तकाच्या मदतीने वर्गात सर्वांत उत्तम बनवतो. दुसऱ्या प्रश्नातला बकऱ्याच्या पोटातला खडा सहाव्याच पुस्तकात रॉनचा जीव वाचवतो. आणि तिसऱ्या प्रश्नातल्या वनस्पतीचे नाव ज्या काढ्याला आहे तो तिसऱ्या पुस्तकात पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या ल्युपिन या शिक्षकासाठी दर महिन्याला स्नेप स्वतः बनवतो. मुलाला खजील करण्यासाठी विचारलेले तिन्ही प्रश्न पुढे उपयोगाचे निघतात. छळ आणि शिकवणूक एकाच श्वासात, असा हा शिक्षक आहे, आणि त्यासाठी पुष्पभाषेकडे जावे लागत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे एक अडचण अशी येते जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला ठाऊकच नसते. ‘स्नेप म्हणाला’ लिहावे की ‘स्नेप म्हणाले’? इंग्रजीत क्रियापद दोन्हींना सारखेच राहते, मराठीत मात्र पहिल्याच वाक्यात आपण आदर देतो किंवा काढून घेतो. मालिकेत हॅरी नुसते ‘स्नेप’ म्हणतो तेव्हा डंबलडोर त्याला ‘प्रोफेसर स्नेप’ असे सुधारून देतो, इतके हे नाजूक आहे. मी कथेतल्या सर्व पात्रांना, डंबलडोरलासुद्धा, एकवचनच वापरतो, म्हणजे क्रियापदातून निकाल गळत नाही. काहीही ठरवा, पण लेखाच्या मध्यावर स्नेपविषयीची सहानुभूती वाढली म्हणून ‘म्हणाला’चे ‘म्हणाले’ होऊ देऊ नका. त्याचप्रमाणे एखाद्या शब्दाच्या छटेवर मुद्दा उभा असेल, जसा वरच्या हाताच्या हालचालीचा आहे, तर अनुवादावर विसंबून न राहता मूळ इंग्रजी ओळ उघडून पाहावी. संवादांतील तू आणि तुम्ही ही अनुवादकाची निवड असते, त्यामुळे त्यावरून दोन पात्रांच्या नात्याविषयी अनुमान काढू नये.

लेखाचा खर्डा करताना वहीतले सगळे ओतण्याचा मोह आवरावा लागतो. एका लेखाला चार-पाच प्रसंग पुरतात, मात्र त्यांतले एखाद-दोन इतक्या जवळून दाखवावेत की पुस्तक हाती नसलेल्या वाचकालाही ते दिसले पाहिजेत. कालक्रमाने जाण्यापेक्षा प्रश्नाच्या क्रमाने जावे. पात्राचे पूर्ण चरित्र सांगून लेख सुरू करू नये, कारण वाचकाला ते माहीत असते. स्वतःचे मत ‘मला वाटते’ असे म्हणूनच द्यावे. खर्डा झाला की तो अशा मित्राला वाचायला द्यावा ज्याला ते पात्र अजिबात आवडत नाही, किंवा तुम्ही विरोधात लिहिले असेल तर ज्याचा त्या पात्रावर जीव आहे. तो जिथे अडेल त्या प्रत्येक जागी वही उघडून तिसरा आणि पाचवा रकाना पुन्हा वाचावा; मी घडलेली गोष्ट म्हणून जे लिहिले होते ते दुसऱ्या कोणाचा तरी लावलेला अर्थ होता, असे निम्म्या वेळा तिथे लक्षात येते.

आणि ज्या नोंदीसमोर शेवटपर्यंत उत्तर मिळत नाही ती लेखात तशीच द्यावी. सहाव्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणातील हाताच्या त्या हालचालीसमोर माझ्या वहीत मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते. वही बदलली, नोंदी शाईने उतरवून घेतल्या, ते चिन्ह मात्र नव्या वहीतही पेन्सिलीनेच काढले आहे.